बाईंची तहान

बाई माझ्यासमोर एकूण चार वेळा मेल्या. ‘बऱ्याचदा’ असं लिहिलं असतं तर त्यांनी वही परत केली असती, म्हणून आकडा दिला. पहिल्यांदा जिन्यात, दुसऱ्यांदा कँटीनमध्ये, तिसऱ्यांदा वर्गात, फळ्यावर ‘रक्तदाब’ हा शब्द अर्धा लिहून, आणि चौथ्यांदा बसस्टॉपवर, तेही माझी बस समोर येऊन थांबलेली असताना. चारही वेळा मी धावले आणि चारही वेळा त्यांनी डोळे उघडून एकच विचारलं, "नाडी किती सेकंदांनी बघितलीत?"

बाई म्हणजे आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर. परळला एका जुन्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत आमचे वर्ग भरत. बाकीच्या ट्यूटरना मुली मॅडम म्हणत, यांना मात्र बाई. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. बुटकी, काटक मूर्ती, कडक इस्त्रीची पांढरी साडी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, आणि चेहरा असा की त्यावरून काही म्हणजे काही कळू नये. मी दादरला साड्यांच्या दुकानात बारा वर्षं काउंटरवर काढली होती. समोरची बाई घेणार आहे की नुसता ढीग करून जाणार आहे, हे मला पहिल्या तीन साड्यांत तिच्या भुवयांवरून कळायचं. या बाईंच्या भुवयांनी मला तीन वर्षं झुलवलं.

चांगली चालती नोकरी सोडून मी नर्सिंगला का गेले, हे मला धड सांगता येत नाही. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा वर्षभर त्यांचं सगळं मी केलं. ते गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "तू तर नर्सच झालीस गं." लोक असं बोलतात, चहा पितात आणि जातात. मी ते मनावर घेतलं. वयाच्या अटीत मी जेमतेम चार महिन्यांनी बसत होते. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती आणि माझ्या वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. नवरा म्हणाला, "झेपत असेल तर बघ." सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, पन्नास वर्षं लालबागमध्ये राहूनही बोलणं गावचंच. त्यांनी विचारलं, "ह्या वयात शाळेत जातंस? मगे तुझो डबो कोण भरतलो?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच भरायला लागल्या. आमच्या चाळीत मात्र माझं यथेच्छ हसं झालं. कुणी विचारायचं, "काय, पाटी-पेन्सिल घेतली का?" मी हसण्यावारी न्यायचे, पण दुकानातली माझी जागा दुसऱ्या बाईने घेतली होती आणि मागे जायला वाट राहिली नव्हती.

प्रवेशाच्या दिवशी कागद तपासायला बाई होत्या. त्यांनी माझा दाखला बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा दाखला.

"मग, कधी सोडताय?"

"काय सोडतेय?"

"शाळा."

"अहो, मी आजच प्रवेश घेतेय."

"ते दिसतंय. मी तारीख विचारतेय."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यानंतर दर शनिवारी, आठवड्याच्या कामाच्या वहीवर सही करताना, त्या तोच प्रश्न विचारायच्या. मी "नाही सोडत, बाई" म्हणायचे, त्या मान डोलवायच्या, वही परत द्यायच्या. बाकी कुठल्याही मुलीला त्यांनी हे कधी विचारलं नाही. मुलींना त्या "काय गो, झोप नाय काय झाली?" असं विचारायच्या, खांद्यावर थाप मारायच्या. मला अहो-जाहो आणि हा प्रश्न. त्यांना मी जायला हवी होते की राहायला, हे मला कळेना. एकदा धीर करून मी उलट विचारलं, "बाई, तुम्हांला काय वाटतं, मी सोडावं का?" त्या म्हणाल्या, "माझं वाटणं तुमच्या वहीत कुठे लिहिणार?" आता याचा अर्थ काय काढायचा तो काढा.

त्या नाटकांविषयी सांगायला हवं. वर्गात एक रबरी पुतळा होता, त्याच्यावर आम्ही अंथरूण बदलणं, अंग पुसणं, कूस बदलणं शिकायचो. बाईंचा पुतळ्यावर विश्वास नव्हता. "हा कटकट करत नाही, याला काय नर्स लागते?" असं म्हणून त्या पुतळ्याला उचलून खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः कॉटवर आडव्या व्हायच्या. मग त्या पेशंट. कधी लकवा मारलेली म्हातारी, कधी दारूचा हँगओव्हर न उतरलेला रिक्षावाला, कधी सुनेवर संशय घेणारी सासू. आवाज बदलायचा, हात बदलायचा, डोळेसुद्धा बदलायचे. इथपर्यंत ठीक होतं. पंचाईत अशी की, नाटक कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे त्या सांगायच्या नाहीत. तास संपला तरी म्हातारीच्याच आवाजात "बाय, माझी चप्पल" म्हणत जिन्यापर्यंत जायच्या. आमच्यातली सगळ्यांत लहान, प्राजक्ता, एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, आत्ता खरं बोलताय का खोटं? प्लीज सांगा ना." बाई म्हणाल्या, "पेशंट सांगतो काय गो कधी?"

कँटीनचा प्रसंग तर अख्ख्या शाळेला पाठ होता. बाई चहा पीत होत्या. ग्लास हातातून कलला, तोंडाची एक बाजू खाली ओघळली आणि डोळे कुठेतरी लागले. माझ्याबरोबर प्राजक्ता होती. तिने तिथल्या तिथे लकव्याच्या झटक्याची सगळी लक्षणं घडाघडा म्हणून दाखवली, तोंडी परीक्षा असल्यासारखी. मी टेबल सरकवलं, खुर्ची धरली आणि "पाणी आणा, पाणी आणा" ओरडले. तेवढ्यात कँटीनवाल्या काकांनी गल्ला तसाच उघडा टाकून इमर्जन्सी वॉर्डातून स्ट्रेचर आणि दोन वॉर्डबॉय मामांना आणलंसुद्धा. बाई उठून बसल्या, नाडीचा प्रश्न विचारून झाला. पदराने तोंड पुसलं. प्राजक्ताला म्हणाल्या, "पाठांतर बरा आसा." मला म्हणाल्या, "गिळता येत नाही अशा माणसाला तुम्ही पाणी पाजणार होतात." आणि मामांना म्हणाल्या, "ह्या काकांचं नाव नोंदवा पुढच्या वर्षी." काका चार दिवस बाईंशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तेच त्यांना विचारत होते, "बाई, मी फास्ट होतो ना पण?"

बाईंचा दुसरा छंद म्हणजे आकडे. वॉर्डमध्ये एक नर्स ड्युटी संपवून जाते आणि दुसरी येते, तेव्हा दोघी मिळून प्रत्येक कॉटपाशी थांबतात आणि जाणारी येणारीला त्या पेशंटची हकिकत सांगते. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. बाईंच्या लेखी ती देवपूजा होती. आम्ही ओव्हर द्यायला लागलो की त्या मागे हात बांधून उभ्या राहायच्या.

"पेशंटला उलट्या झाल्या."

"किती वेळा?"

"खूप वेळा, बाई."

"खूप हा आकडा नाही."

त्यांनी आम्हांला इतकं पिडलं की मुली गावी जाताना पुतळ्याचासुद्धा ओव्हर द्यायच्या. आणि बाई तो गंभीरपणे घ्यायच्या, "कूस किती वेळा बदललीत?" असं विचारून. माझ्या घरी हा रोग पोचला होता. मुलगी म्हणायची, "आई, मला तहान लागलीय," आणि माझ्या तोंडून निघायचं, "सकाळपासून किती ग्लास झाले?"

माझ्यावर त्यांचा खास डोळा होता तो चादरीमुळे. दुकानात हजारो साड्या घड्या केलेले हात माझे, चादरीचा कोपरा मुलींच्या आधी आणि मुलींपेक्षा सुबक बसायचा. बाई यायच्या, बघायच्या आणि उचकटून टाकायच्या. "ही साडी नाही. कुणाला दाखवायची नाहीय." एकदा म्हणाल्या, "तुमच्या हातांना एकच गोष्ट येते, पुढे करणं. अजून एक बघा, अजून एक बघा." खरंच होतं ते. आमच्या शेठजींनी पहिल्या दिवशी शिकवलेलं: गिऱ्हाईकाला ‘नाही’ हा शब्द ऐकवायचा नाही. निळी नसेल तर जांभळी काढायची. बारा वर्षांत मी कुणालाही नुसतं नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पण त्यात चूक काय, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पेजेच्या दिवशी.

पहिलं वर्ष संपत आलं होतं. मला सर्जरीच्या वॉर्डात सकाळची ड्युटी होती. एका कॉटवर हर्नियाच्या ऑपरेशनचे एक आजोबा होते, आमच्याच बाजूचे, पूर्वी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर असलेले. रात्रीपासून उपाशी. कॉटला पाटी होती, ‘तोंडाने काही देऊ नये’. ऑपरेशन नऊचं होतं, ते अकरा झालं, मग कळलं की आधीची केस लांबलीय, एक तरी वाजेल. आजोबांच्या सुनेने ऑपरेशननंतरसाठी म्हणून थर्मासमधून पेज आणून ठेवली होती आणि ती खाली औषधं आणायला गेली होती.

"बाय, वाईच पेज दी गो."

मी पाटी दाखवली. म्हटलं, "आजोबा, काही खायचं नाहीये."

"खावक खंय मागतंय? पेजच ती."

आता हे मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरला समजावून सांगता येणार नाही, पण आमच्या घरांत पेज हे खाणं नाहीच. ताप आला, पेज. पोट बिघडलं, पेज. उपास सोडायच्या आधी पोटाला आधार म्हणून पेज. सासरे शेवटी काहीच घेत नव्हते तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "आज तेनी कायच खाल्ल्यानी नाय, नुसती पेज." आणि मीही तेच म्हणायचे. पाटी मला वाचता येत होती. उपाशी का ठेवतात, भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर श्वासात कसं जातं, हे मी त्याच आठवड्यात परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. तरी माझा हात थर्मासकडे गेला. चार चमचे. त्यात चिमूटभर मीठसुद्धा घातलं, सुनेच्या पुडीतलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले. मला इतकं बरं वाटलं, की तेवढ्यासाठीच मी शाळेत आलेय असं वाटलं.

पाऊणला मामा ट्रॉली घेऊन आले. वॉर्डच्या सिस्टरनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंत?"

"नाय गो. फक्त पेज."

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. आजोबांचा मुलगा रजा काढून आला होता, तो वॉर्डात उभा राहून ओरडला, त्याचं काहीच चुकलं नाही. पेज कुणी दिली, हे आजोबांनी सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना वाटत असावं, आपण पोरीला वाचवतोय. ते बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी दिली." वळून बघते तर दारात बाई.

"किती वेळा मागितली त्यांनी?"

"खूप... खूप वेळा."

"चमचे किती दिलेत?"

"चार."

"म्हणजे तुम्ही दिलेलं तुम्ही मोजलंत. त्यांनी मागितलेलं मोजलं नाहीत." एवढं बोलून त्या गेल्या. बाकीच्यांसारख्या त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मला प्राचार्यांनी बोलावलं. शेजारी बाई बसल्या होत्या. प्राचार्या म्हणाल्या, एखाद्या लहान मुलीने असं केलं असतं तर वय समजून घेता आलं असतं, तुम्ही तर मोठ्या आहात. माणसाच्या जिवावर बेतलं असतं. तुम्हांला काढून टाकावं असं माझं मत आहे. मग त्यांनी बाईंना विचारलं. मला माझ्या चाळीतला जिना दिसत होता आणि त्यावर बसलेल्या बायका.

बाई म्हणाल्या, "यांना काढायची गरज नाही. त्या स्वतःच सोडणार आहेत. मी पहिल्या दिवसापासून विचारतेय, तारीख तेवढी सांगत नाहीत."

हे ऐकून प्राचार्यांचाही गोंधळ उडाला. हे माझ्या बाजूचं बोलणं की विरुद्ध, ते त्यांनाही ठरवता येईना. शेवटी त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि निर्णय बाईंवर सोपवला.

त्या रविवारी मी बाईंच्या घरी गेले. प्रभादेवीच्या एका जुन्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या, त्या एकट्याच राहायच्या. सासूबाईंनी घावणे करून दिले होते, "रिकाम्या हातान जाव नको." बाईंनी दार उघडलं, मला बसवलं, माझी माफी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग डबा उघडून त्यांनी विचारलं, "किती आहेत?" मी म्हटलं, "सहा." त्यांनी तीन खाल्ले, उरलेले तीन मोजून परत झाकले आणि डबा माझ्या हातात दिला. आतल्या खोलीतली कॉट मला दिसत होती. चादरीचे कोपरे माझ्यासारखे होते, साडीच्या घडीसारखे. मी बघितलं आणि त्यांनी मला बघताना बघितलं. "उद्या सात वाजता वर्गात या," त्या म्हणाल्या. घरी जाताना मी सिद्धिविनायकाच्या रांगेपर्यंत गेले आणि काय मागायचं तेच सुचेना म्हणून परत फिरले.

सोमवारी सातला मी पोचले तेव्हा बाई कॉटवर झोपल्या होत्या, पाटीसकट. उशाशी थर्मास. झाकण मुद्दाम सैल, पेजेचा वास वर्गभर. प्राजक्ता माझ्या कानात म्हणाली, "बाईंनी काल रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नाहीये. सफाईच्या मावशींनी विचारलं तर त्यांच्यावरच खेकसल्या."

नऊपर्यंत त्या आजोबा होत्या. "बाय, वाईच पेज दी गो." तोच सूर, तेच शब्द. मी "नाही, आजोबा" म्हटलं. नंतर त्या कुणी बाई झाल्या, भांडकुदळ. "पैसे घेता आणि पाणी देत नाही?" मी नाही म्हटलं. मुली तासाला गेल्या, परत आल्या, डबे खाऊन आल्या. बाई तिथेच. दुपारी त्यांचा आवाज बसला. ओठांवर पांढरा थर दिसायला लागला, तो काही नाटकाने आणता येत नाही. आणि मग त्या त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पुरे झालं आता. मला खरंच गरगरतंय. पाणी द्या."

मी गडबडले. विचारलं, "बाई, तुम्ही बाई म्हणून मागताय ना?"

"हे नाटक नाही हो. माझी शपथ."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. प्राजक्ताने ग्लास भरून आणलासुद्धा. दिला आणि नाटक असलं तर मी घरी. नाही दिला आणि खरं असलं तर मी कसली नर्स? माझ्या डोक्यात काही म्हणजे काही राहिलं नाही. मी नाडी धरली. पूर्ण मिनिट मोजली. ठीक होती. हात सोडवेना म्हणून धरूनच बसले. आणि कुठून कोण जाणे, मला शेठजींची दुसरी शिकवण आठवली, जी मी विसरून गेले होते. माल खरोखर नसला, निळीही नाही आणि जांभळीही नाही, तर सांग नाही म्हणून. पण उठू नकोस. गिऱ्हाईक उठेपर्यंत समोर बस. मी म्हटलं, "नाही देता येणार, बाई." मग कापूस ओला केला, घट्ट पिळला आणि त्यांचे ओठ पुसले. जीभ पुसली. थोड्या वेळाने पुन्हा. त्या मला शिव्या देत होत्या, चांगल्या खणखणीत मालवणी शिव्या, आणि मी ओठ पुसत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

चार वाजता बाई उठल्या. दोन ग्लास पाणी प्यायल्या. पाटी काढून भिंतीला टेकवली, पदर सारखा केला. दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"किती वेळा मागितलं?"

"मोजलं नाही," मी म्हटलं. तेव्हा खोटं बोलायचंही सुचलं नाही.

त्या गेल्या. आता संपलं, असं मी धरून चालले. मंगळवार गेला, बुधवार गेला, प्राचार्यांचं बोलावणं येईना. शनिवारी मी वही पुढे केली. बाईंनी सही केली आणि विचारलं, "मग, कधी सोडताय?" मी पास झाले होते की नापास, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही आणि नंतरही नाही. तीन वर्षं पुरी झाली, परीक्षा झाल्या, दिवा हातात धरून शपथ घेतली, आणि शेवटच्या शनिवारीसुद्धा त्यांनी तेच विचारलं.

बाई नंतर रिटायर झाल्या. आता गावी असतात, ठणठणीत आहेत, आंब्याच्या दिवसांत शाळेत पेटी पाठवतात आणि वरच्या चिठ्ठीत आंबे मोजून लिहिलेले असतात. मधे एकदा मात्र त्या मुंबईला आल्या, पित्ताशयातले खडे काढून घ्यायला. मी तेव्हा त्याच सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. सकाळी ड्युटीवर आले आणि नऊ नंबरच्या कॉटवर बाई. कॉटला पाटी.

"अजून सोडलं नाहीत?"

"नाही, बाई."

"बघू," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन दहाचं होतं. ते लांबत गेलं, जसं लांबतं. साडेदहाला त्यांनी पाणी मागितलं, साधं, एखादीने खिडकी उघडायला सांगावी तसं. मी नाही म्हटलं आणि खिशातल्या चिठ्ठीवर एक रेघ ओढली. मग कापूस भिजवून ओठ पुसले. पुन्हा मागितलं, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा त्यांनी मागितलं ते आजोबांच्या आवाजात, "बाय, वाईच पाणी दी गो," आणि मला हसू आलं, म्हटलं चला, नाटक आहे. पण वर बघितलं तर त्या हसत नव्हत्या. पाचव्यांदा माझं मनगट धरून म्हणाल्या, "हे नाटक नाही हो." हे त्यांनी तेव्हाही म्हटलं होतं, शपथेवर. हात मात्र म्हातारा झाला होता. कातडी सुटलेली, पकड हलकी. त्यांना भीती वाटत होती, असं मला वाटलं. किंवा भीती वाटणारी कुणी बाई त्या करत होत्या. मी शेजारी स्टूल ओढून बसले. दुसरे पेशंट हाका मारायचे, मी जायचे, परत येऊन बसायचे. सातव्यांदा त्यांनी शब्द बोललेच नाहीत, नुसते ओठ हलवले. तीही वेळ मी धरली, सातवी रेघ ओढली. मग त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं, झोप लागली.

दोनला दुपारच्या ड्युटीवर प्राजक्ता आली. ती आता त्याच वॉर्डात होती, कँटीनमध्ये लक्षणं म्हणून दाखवणारी हीच. बाईंना बघून तिने आपोआप टोपी सारखी केली. मी कॉटपाशी उभी राहून ओव्हर द्यायला सुरुवात केली. हात मागे बांधून आमच्या मागे कुणी उभं नव्हतं, तरी माझा आवाज शाळेतलाच झाला.

"कॉट नऊ. पित्ताशयाचं ऑपरेशन, तीननंतर घेणार आहेत. रात्रीपासून उपाशी. नाडी, ताप, बीपी लिहिलेलं आहे. सलाईन दुसरं चालू आहे. तोंड पुसलंय, दर अर्ध्या तासाने पुसत राहा. पेशंटने पाणी मागितलं. दिलं नाही."

प्राजक्ता काही विचारायच्या आत कॉटवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"किती वेळा?"

मी खिशातली चिठ्ठी काढली आणि रेघा पुन्हा एकदा मोजल्या.

"सात."

"आठ," बाई म्हणाल्या.

मी पेन काढून आठवी रेघ ओढली. ती कुठल्या मागण्याची, हे मला अजून सापडलेलं नाही.